रातपाळीतली गोळी

(भिवंडी येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांना लांबलचक शीर्षकं आवडत नसत, असं संयोजकांनी मला फोनवरच बजावलं होतं. तेव्हा पत्रिकेवर छापलेलं भारदस्त शीर्षक बाजूला ठेवतो. बीपी असलेल्या माणसाला लकवा होऊ नये म्हणून रोज काय करावं लागतं आणि ते आपल्या भिवंडीत टिकत का नाही, एवढ्यावरच आज बोलणार आहे.

काय करावं लागतं, हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. रोजची गोळी रोज घ्यायची. मीठ कमी करायचं. तंबाखू, विडी, गुटखा सोडायचा, दारूला आवर घालायचा. थोडं चालायचं, पुरेसं झोपायचं. महिन्याला बीपी मोजायचं आणि शुगर असेल तर तीही ताब्यात ठेवायची. यातलं काही पहिल्यांदाच ऐकलं असा माणूस या सभागृहात नसेल. पद्मानगरात विचारा, शांतीनगरात विचारा, काल्हेरच्या गोदामात हमालाला विचारा. मीठ वाईट, तंबाखू वाईट, टेन्शन वाईट, हे तो तेलुगूत, हिंदीत किंवा आगरीत तुम्हालाच ऐकवेल. माहितीचा तुटवडा असता तर काम सोपं होतं. चार भिंती रंगवायच्या, रिक्षावर भोंगा लावून फिरायचं, की झालं.

आमची गाठ पडते ती वेगळ्याच अडचणीशी. माणूस येतो, बीपी निघतं, गोळी सुरू होते, दोन महिने नियमाने येतो. मग दिसत नाही. वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी त्याला रिक्षात आडवा घालून आणतं. तोंड वाकडं, उजवी बाजू लुळी, बोलणं बंद. बायकोच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्यांची अर्धी संपलेली जुनी पट्टी असते. माझं म्हणणं असं आहे, की आपल्या गावातल्या लकव्याला गोळी न मिळण्यापेक्षा ती मध्येच सुटणं जास्त कारणीभूत आहे. आणि ती सुटते त्यात माणसाच्या बेफिकिरीचा वाटा असतो थोडा. त्याच्या दिवसात, त्याच्या पाळीत, त्याच्या वर्षात त्या गोळीला जागाच सापडत नाही, हे खरं कारण.

आधी रक्तदाबाचं थोडं. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. आपल्याकडे १४०-९० ही रेघ धरतात. वेगवेगळ्या दिवशी मोजून आकडा तिच्यावर राहिला की बीपी आहे असं म्हणायचं. रक्तवाहिनी मात्र ही रेघ मानत नाही. २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाख माणसांच्या नोंदी एकत्र करून केलेला एक अभ्यास आला. चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान, वरचा आकडा ११५ च्या पुढे दर २० ने वाढला की लकव्याने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यात दिसलं. १३५ ला दुप्पट, १५५ ला चौपट, १७५ ला आठपट. आणि १७५ घेऊन माणसं बारा-बारा तास माग चालवतात, धान्याची पोती वाहतात, लग्नात नाचतात. दुखत काहीच नाही. डोकं दुखलं म्हणजे बीपी वाढलं आणि नाही दुखलं म्हणजे ठीक, हा समज जितक्या लवकर जाईल तितकं बरं.

नुकसान होतं ते आत. मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मोठ्या वाहिन्यांतून थेट निघतात, त्यामुळे सगळा दाब त्यांच्यावर येतो. वर्षानुवर्षं तो सोसून त्यांच्या भिंती जाड होतात आणि त्या बुजतात, नाहीतर फुगून फुटतात. हातापायांकडे जाणारे मज्जातंतू नेमके त्याच भागातून जातात. गुठळीने वाहिनी बंद पडणं हा जास्त आढळणारा प्रकार. मुंबईत २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल यांनी पक्षाघाताच्या रुग्णांची नोंदवही ठेवली, तिच्यात सुमारे ८० टक्के रुग्ण गुठळीचे होते, बाकीचे बहुतेक रक्तस्रावाचे. दोन्हींच्या मुळाशी सगळ्यात मोठं कारण बीपी.

हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार आहे, असं कुणाला वाटत असेल तर गडचिरोलीकडे बघा. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि 'सर्च' संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ८६ गावांतला एकेक मृत्यू नोंदवून त्याचं कारण शोधलं. गडचिरोली म्हटलं की आपल्या डोक्यात मलेरिया येतो, साप येतो, कुपोषण येतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं लकवा. दर सात मृत्यूंमागे एक. त्यातले बहुतेक घरातच गेले.

भिवंडीचा असा अभ्यास माझ्यासमोर नाही, म्हणून ढोबळ हिशेब मांडतो. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सात लाखांवर होती. त्यातले चार लाख प्रौढ धरा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के पुरुषांना आणि २१ टक्के स्त्रियांना बीपी आढळलं. आपण हात आखडून पाचात एक धरू. म्हणजे ऐंशी हजार माणसं. मेडिकल कॉलेजात आम्हाला एक जुना नियम शिकवत, अर्ध्या-अर्ध्याचा: जितक्यांना बीपी असतं त्यांतल्या निम्म्यांनाच ते ठाऊक असतं, त्यांतले निम्मे औषध घेतात आणि त्यांतल्या निम्म्यांचं ताब्यात राहतं. ऐंशी हजारांचे चाळीस, चाळिसाचे वीस, विसाचे दहा. उरलेले सत्तर हजार आपल्या गल्लीबोळांतून हिंडताहेत. आकडा अंदाजाचा आहे, पण निम्म्याने चुकला तरी झोप उडवायला पुरेसा आहे.

आता थोडं इतिहासाकडे वळतो. बीपी उतरवलं की लकवा टळतो, हे आज आपण गृहीत धरतो. पाऊणशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनाही तसं वाटत नव्हतं. वयाबरोबर दाब वाढायचाच, उलट तो कमी केला तर मेंदूला रक्त कमी पडेल, असा विचार होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६-१०८ होता. वर्षभराने, १२ एप्रिल १९४५ ला, मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा तो ३००-१९० मोजला गेला. जगातल्या सर्वात बलाढ्य माणसाकडे त्या वेळी नव्हती ती गोळी आज धामणकर नाक्यावरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते.

त्या गोळीच्या वाटेवर आपल्या मुंबईचा एक माणूस उभा आहे आणि मराठीत त्याच्याबद्दल फारच कमी बोललं जातं. डॉ. रुस्तम जाल वकील. परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी सर्पगंधेचं मूळ बीपीच्या रुग्णांवर पद्धतशीरपणे वापरून पाहिलं आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष छापले. सर्पगंधा आपल्याकडे जुनीच. १९३१ मध्ये कलकत्त्याचे सेन आणि बोस यांनीही तिच्याबद्दल लिहिलं होतं. पण पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष गेलं ते वकिलांच्या लेखामुळे. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. परळच्या बाह्यरुग्ण विभागातून निघालेली ही गोष्ट पुढे कुठे पोचली ते ऐका.

१९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून एक चाचणी केली. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष घेतले. निम्म्यांना खरी औषधं आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या. खऱ्या औषधांत तीन होती: एक लघवीचं, एक हायड्रॅलाझिन आणि तिसरं रिसर्पिन, म्हणजे वकिलांच्या सर्पगंधेचं. खोट्या गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर त्रास झाले. खऱ्या गटात दोघांना. मग १९९१ मध्ये साठीपुढच्या माणसांवरची मोठी चाचणी आली. ज्यांचा फक्त वरचा आकडा चढलेला होता त्यांच्यात औषधाने लकव्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी उतरलं. म्हाताऱ्याचं बीपी थोडं जास्तच असायचं, हे वाक्य त्या दिवशी निकालात निघायला हवं होतं. आपल्याकडे अजून चालू आहे.

रिसर्पिनने मन उदास होतं अशी तक्रार पुढे येत गेली, बरी औषधं आली आणि ते मागे पडलं. मला त्या फ्राइसच्या चाचणीतली एक बारीक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. माणसं निवडण्याआधी त्यांनी प्रत्येकाला काही काळ साध्या गोळ्या दिल्या, त्यात जीवनसत्त्व ब-२ मिसळलेलं. ते लघवीत उतरतं आणि विशिष्ट दिव्याखाली चमकतं. ज्याची लघवी चमकली नाही त्याने गोळी घेतली नाही, हे उघड. अशांना चाचणीतून आधीच वगळलं. म्हणजे ज्या पुराव्यावर आमचं सगळं शास्त्र उभं आहे तो पुरावा रोज न चुकता गोळी घेणाऱ्यांचा आहे. फ्राइस यांना माणसं गाळता आली. भिवंडीच्या दवाखान्यात कुणाला गाळणार?

इथे ज्याला गाळायची वेळ येईल तो माणूस कसा जगतो ते पाहू. तो लूमवर, म्हणजे यंत्रमागावर आहे. आठ ते आठ, बारा तास. पंधरवडाभर दिवसपाळी, मग रातपाळी. पैसे मीटरवर, त्यामुळे माग सोडून उठला तर नुकसान त्याचंच. आम्ही चिठ्ठीवर लिहून देतो, 'रोज सकाळी, नाश्त्यानंतर एक'. कुठली सकाळ? रातपाळीवाल्याची सकाळ म्हणजे झोपायची वेळ, आणि नाश्ता हा प्रकार त्याच्या आयुष्यात नाही. दिवसपाळीत घेतलेली सवय पंधरा दिवसांत मोडते. पाळी बदलली की पहिले दोन दिवस गोळी राहते, मग राहिलीच आहे तर राहू दे, असं होतं. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, कारागिराला धावत यावंच लागतं. गोळी तुटली तर शरीर थांबत नाही, सहा महिने तसंच चालत राहतं.

यावर आम्हा डॉक्टरांकडे उपाय आहे, फक्त आम्ही तो वापरत नाही. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून जास्त माणसांना दोन गटांत वाटून एका गटाला बीपीची गोळी सकाळी, दुसऱ्याला रात्री दिली. २०२२ मध्ये निकाल आला: हृदयविकार, लकवा यांत काही फरक नाही. अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी तर शरीरात दीड-दोन दिवस टिकून असते. तेव्हा घड्याळ सोडा आणि गोळी अशा गोष्टीला बांधा जी दोन्ही पाळ्यांत होतेच. माझ्या पाहण्यात सगळ्यात टिकणारी गाठ म्हणजे पाळी सुटल्यावरचं पहिलं जेवण. रात्री आठला सुटा की सकाळी आठला, ताटावर बसायचं आणि आधी गोळी. ज्यांना लघवीची गोळी आहे त्यांनाही हे सोयीचं, मागावर उभं असताना वारंवार जावं लागत नाही. एखादी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

एका रुग्णाची पट्टी मला कायम लक्षात राहिली आहे. अ‍ॅम्लोडिपिनची, दहा गोळ्यांची. मागच्या चंदेरी कागदावर प्रत्येक गोळीपाशी बॉलपेनने एकेक अक्षर: शु, श, र, सो. सुरुवात शुक्रवारपासून, कारण भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. तो दर शुक्रवारी, नमाजहून आल्यावर, पट्टी काढून आठवड्याची अक्षरं लिहायचा. एका मंगळवारची गोळी तशीच राहिली होती आणि तिच्याभोवती त्याने गोल काढला होता. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "उस दिन भूल गया था साहब, बाद में नहीं खाया, आपने डबल मना किया था." सात कप्प्यांची डबी बाजारात मिळते, चांगली असते. बॉलपेन फुकट असतं.

दुसरा मोठा खंड पडतो आपापल्या मूळ गावी गेल्यावर. आजमगड, गोरखपूर, मधुबनी, करीमनगर, नलगोंडा. वर्षातून एकदा माणूस महिना-दोन महिने जातो, सोबत पंधरा गोळ्या. पट्टी संपते. गावच्या दुकानात विचारतो, 'ती पांढरी छोटी गोळी'. दुकानदार कुठलीतरी पांढरी छोटी देतो. मे २०२० मध्ये टाळेबंदीत भिवंडीहून गोरखपूरची श्रमिक गाडी सुटली, नाशिक रस्त्याने माणसं चालत निघाली, तेव्हा ज्यांच्या खिशात गोळ्या होत्या त्यांच्या किती दिवस पुरल्या असतील याचा विचार कुणी केला नाही. करण्यासारखी तेव्हा सवडही नव्हती. पण सुट्टीवर जाणं हे काही टाळेबंदीसारखं अचानक येत नाही. तिकीट काढलं की दवाखान्यात या, दोन महिन्यांच्या गोळ्या घ्या, आणि कागदावर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. कंपनीचं नाव जिल्ह्याजिल्ह्याला बदलतं, अ‍ॅम्लोडिपिन पाच हे दोन शब्द सगळीकडे चालतात.

पैशाचं म्हणाल, तर ते कारण आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. सरकारी दवाखान्यात ही औषधं फुकट आहेत, जनऔषधी दुकानात दिवसाला कटिंग चहाच्या आत बसतात. राज्यात २०२३ पासून 'आपला दवाखाना' योजनेतले दवाखाने दुपारी दोन ते रात्री दहा अशा वेळेत चालवायचे ठरले, ही वेळ ज्याने सुचवली त्याने कामगार पाहिलेला असणार. खरा धडा मात्र भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातून मिळाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्यात नवं औषध एकही नव्हतं. सगळ्यांना एकच ठरलेली औषधयोजना, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, प्रत्येकाची नोंद, आणि महिन्याला न आलेल्या माणसाला फोन. एवढ्यावर नोंदवलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचं बीपी ताब्यात आलं. अर्ध्या-अर्ध्याच्या जुन्या नियमासमोर हे ठेवून पाहा. फोन कोण करतो, हा प्रश्न मला भिवंडीत विचारावासा वाटतो. लूममालकांना मी गंमतीने म्हणतो, कारागीर दोन दिवस आला नाही तर तुम्ही चार फोन करता, हजेरीच्याच वहीत त्याच्या गोळीचा एक रकाना आखा.

गोळी सुटण्याचं आणखी एक कारण, आणि हे शिकलेल्यांतही तितकंच: मोजलं, १२६-८० आलं, आता नॉर्मल झालं म्हणून बंद. ते नॉर्मल गोळीने केलेलं असतं. 'एकदा सुरू केली की जन्माची सवय लागते' हे वाक्य लोक गोळी टाळायला वापरतात. सवय लागते ती बीपीची, गोळी आली नसती तरी ते राहिलंच असतं. काहींना अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात, काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. तसं झालं तर डॉक्टरकडे या, गोळी बदलता येते, शेजारची चार नावं आहेत. स्वतःहून बंद करून गप्प बसू नका. आणि पाठदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज खात असाल तर तेही सांगा. त्या बीपी चढवतात, आणि आम्ही कारण न कळून बीपीची गोळी वाढवत बसतो.

मिठाकडे येतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅम सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळ्या जेवणांचा मिळून. आपल्याकडे घराघरात कमी मिठाचा सल्ला दिला जातो, पण भिवंडीतले हजारो पुरुष घरात जेवतच नाहीत. ते खानावळीत जेवतात, इथे तिला भिशी म्हणतात. महिन्याचे पैसे भरायचे, दोन वेळ डाळ-भात-भाजी. मीठ किती पडतं ते ठरवणारी बाई चुलीपाशी उभी असते आणि तिला आम्ही कधी भेटायला जात नाही. एका भिशीत मी विचारलं, तेव्हा कळलं की माणसं घामाने निथळून येतात, डाळ अळणी लागली की ताट सरकवतात, म्हणून ती आधीच हात मोकळा सोडते. शिवाय ताटात लोणचं, पापड, वर एक मिरचीचा ठेचा. घाम जातो म्हणून मीठ लागतं, हे तिचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. पण घामातून जाणाऱ्या मिठापेक्षा जास्त पोटात जात असतं. तिने डाळीतलं मीठ एकदम निम्मं केलं तर उद्या गिऱ्हाईक दुसऱ्या भिशीत जाईल. दर आठवड्याला थोडं थोडं उतरवलं तर जिभेला कळत नाही, तिला ते सवयीने बरं वाटू लागतं. लोणच्याची बरणी ताटापाशी न ठेवता मागितली तरच द्यायची, एवढ्याने बरंच साधतं. बीपीचे वीस रुग्ण वेगवेगळे समजावण्यापेक्षा ती एक बाई पटली तर काम जास्त होतं, असं माझं मत आहे.

आमच्या आगरी-कोळी मंडळींना मात्र वेगळं सांगायला हवं. पावसाळ्यात सुकट, जवळा, सुके बोंबील, खारवलेली मासळी. बंद करा म्हणणार नाही, कुणी ऐकणारही नाही. खारी मासळी कोमट पाण्यात भिजवा, पाणी ओता, पुन्हा भिजवा, पुन्हा ओता, आणि मग कालवणात वरून मीठ घालू नका. सैंधव आणि काळं मीठ हे बीपीला चालतं, असं जे सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. तेही सोडियमच. चीनमधल्या ६०० खेड्यांत एक प्रयोग झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला: नेहमीच्या मिठातलं एक चतुर्थांश काढून त्या जागी पोटॅशियमचं मीठ मिसळलं, तर ज्यांना आधी लकवा झाला होता किंवा बीपी होतं अशा माणसांत लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. तसं मीठ आपल्याकडेही मिळतं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका.

तंबाखूवर बोलणार नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. मागाच्या आवाजावर मात्र बोललं पाहिजे. शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, तो आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. अशा गोंगाटात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांत बीपी जास्त आढळतं, हे अनेक देशांत दिसलं आहे. कान तर जातातच. फोमचे बोळे काही रुपयांत मिळतात. कुणी वापरत नाही, कारण माग बिघडला की आवाजावरून कळतं, आणि बोळे घातले की तो बदल ऐकू येत नाही, असं कारागीर सांगतात. यावर माझ्याकडे आज उत्तर नाही. मालक आणि कारागीर यांनीच बसून काढलं पाहिजे.

आणि सगळं करूनही झालाच लकवा, तर? चेहरा एका बाजूला ओढला जातो, एक हात उचलला की खाली पडतो, बोलणं लटपटतं. तिन्हींतलं एक दिसलं तरी पुरे. मालीशवाला बोलवायचा नाही, कबुतर कापायचं नाही. तोंडात पाणी घालायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. जिभेखाली बीपीची गोळी किंवा अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही, मलाही नाही. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. साडेचार तास मोजायचे ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. पहाटे उठल्यावर लक्षात आलं, तर रात्री झोपताना तो ठीक होता ती वेळ सांगायची. ती वेळ कुणीतरी लिहून ठेवा. १०८ ला फोन करा. सीटी आणि इंजेक्शन दोन्ही असलेलं, तुमच्या घरापासून सर्वात जवळचं रुग्णालय कुठलं, हे आजच विचारून ठेवा. कारण ठाणे-कळव्याकडे निघालात आणि कशेळीच्या पुलावर अडकलात, तर तिथे शोधाशोध करायला वेळ नसतो. हात दहा मिनिटं लुळा पडून आपोआप बरा झाला तरी त्याच दिवशी जायचं. पुढचे दोन दिवस सगळ्यात धोक्याचे असतात.

वेळ संपत आली आहे, संयोजक घड्याळाकडे बघताहेत. दाराबाहेर दोन परिचारिका बीपीचं मशीन घेऊन बसल्या आहेत. मघाशी येताना एक गृहस्थ तिथे मोजून आले, १६८-१०२ निघालं म्हणून घाबरले. ते जिना चढून तडक आले होते, तोंडात तंबाखू, पट्टा शर्टाच्या जाड बाहीवर, आणि मोजताना शेजाऱ्याशी गप्पा. त्यांना बसवलं, चूळ भरायला लावली, अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं तर १५०-९४. तेही जास्तच आहे, त्यांची पुढची वेळ ठरली. तेव्हा प्रश्नोत्तरं झाल्यावर रांगेत जाणाऱ्यांना एवढंच सांगतो: आधी लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसा, बाही वर करा, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा, मोजेपर्यंत बोलू नका. आणि मध्यंतरात ज्यांनी चहा घेतला, तंबाखू खाल्ली, त्यांनी रांगेच्या शेवटी उभं राहावं. तुमचा नंबर येईपर्यंत अर्धा तास होईल.